वन टीबी

तळहातावर मावते. वजन पाव किलोच्या आत. अंगावर काळं प्लास्टिक, एका कडेला वायरीसाठी चपटी खाच आणि खाचेशेजारी टाचणीच्या डोक्याएवढा दिवा. वायर लावली की दिवा उजळतो, आत काहीतरी फिरायला लागतं आणि बोटांना बारीक थरथर कळते. दुकानाच्या बिलावर तिचं नाव ‘एक्स्टर्नल हार्डडिस्क, एक टेराबाइट’. आमच्या निगडीच्या घरात मात्र लहानथोर सगळे तिला ‘वन टीबी’ म्हणतात. ती कुठं आहे असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं : कपाटात, वरच्या कप्प्यात, पीएफच्या फायलीखाली.

तो कप्पा ऐऱ्यागैऱ्या वस्तूला मिळत नाही. फ्लॅटचं खरेदीखत तिथं असतं, शाळा सोडल्याचे दाखले असतात, विम्याच्या पॉलिसी आणि आईच्या पाटल्या असतात. वन टीबीची तिथं वर्णी लागली ती १ जून २०२१ नंतर.

त्याआधीची सहा वर्षं फोटो कुठं ठेवायचे हा प्रश्न आमच्याकडे कुणाला पडलाच नव्हता. गूगल फोटोज मे २०१५ मध्ये सुरू झालं आणि त्याचं म्हणणं अगदी सोपं होतं. सोळा मेगापिक्सेलपर्यंतचे फोटो हवे तेवढे ठेवा, पैसे नाहीत. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. चाकण, भोसरी, तळवडे या कारखान्यांच्या पट्ट्यात कामाला लागलेल्या, चार जणांत एक खोली करून राहणाऱ्या पोरांच्या हातात त्याच सुमाराला पहिले बरे कॅमेऱ्याचे फोन आले. लातूर, बीड, सातारा, जळगाव, बुलढाणा, कुठून कुठून आलेली ही माणसं. इथल्या पहिल्या पगाराचा फोटो, पहिल्या दुचाकीचा फोटो, मग लग्न, मग बाळ. फोन भरला की ‘फ्री अप स्पेस’ दाबायचं. फोनमधली प्रत पुसली जायची आणि फोटो कुठंतरी वर, सुखरूप आहेत, एवढं माहीत असायचं.

११ नोव्हेंबर २०२० ला कंपनीने जाहीर केलं की हे असं पुढच्या १ जूनपर्यंतच चालेल. तेव्हा तिथं चार लाख कोटींहून जास्त फोटो साठले होते आणि दर आठवड्याला २,८०० कोटी फोटो-व्हिडिओंची भर पडत होती, असा आकडा कंपनीनेच दिला होता. १ जूननंतर चढवलेला प्रत्येक फोटो पंधरा जीबीच्या मोफत कोट्यात मोजला जाणार होता, आणि त्या पंधरा जीबीत जीमेल आणि ड्राइव्हही आलं. आधीचे फोटो मोजले जाणार नव्हते, हे नोंदवलं पाहिजे. सूचनाही साडेसहा महिने आधी दिली होती. ज्याची जागा, त्याने नियम बदलला. मला त्यात फसवणूक दिसत नाही.

मला काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. ही वेळ काही पहिल्यांदा आलेली नव्हती. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. २०१६ मध्ये पिकासा गुंडाळलं गेलं. फ्लिकरने २०१३ मध्ये प्रत्येकाला एक टेराबाइट मोफत दिलं आणि २०१८ च्या शेवटी सांगितलं की फुकट खात्यात यापुढे फक्त एक हजार फोटो. प्रत्येक वेळी थोडी धावपळ झाली, आणि मग सगळे पुढच्या फुकट जागेकडे गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये जिओने शंभर जीबीपर्यंत मोफत साठवण जाहीर केली तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लोकांनी हातच जोडले. अशी जागा मिळत असेल तर जरूर घ्यावी. पण ती आपली एकुलती एक जागा करू नये.

पंधरा जीबी भरायला वेळ लागत नाही. भरल्यावर जे होतं त्याचा फोटोंशी काही संबंध नसतो, म्हणून ते जास्त लागतं : नवा मेल येणं बंद होतं. नोकरी बदलायच्या खटपटीत असलेल्या माणसाला इंटरव्ह्यूचं बोलावणं पोचत नाही, आणि पोचलं नाही हेही त्याला कळत नाही. आमच्या पट्ट्यात जिथं कंत्राट सहा-सात महिन्यांचं असतं तिथं हा छोटा तोटा नाही.

मग प्रत्येकाने आपापली वाट शोधली. काहींनी शंभर जीबीचे महिन्याला एकशे तीस रुपये भरायला सुरुवात केली. परवडत असेल तर यात काहीच वावगं नाही. फक्त ते पैसे कुणाच्या कार्डावरून जातात, पासवर्ड कुणाला माहीत आहे आणि तो माणूस नसेल तेव्हा काय, हे घरात बोललं गेलं पाहिजे. काहींनी दुसरं जीमेल खातं काढलं, ते भरलं की तिसरं. ही वाट मला सर्वांत धोक्याची वाटते. डिसेंबर २०२३ पासून गूगल दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकू लागलं आहे, आणि फोटो कोंबण्यापुरतं उघडलेलं खातं कुणी मुद्दाम उघडून बघतं थोडंच? काहींनी सगळे फोटो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवले. तिथं फोटो दाबून लहान होतो, कुठं आणि कधी काढला ही त्याच्या पोटातली नोंद पुसली जाते, आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच पंधरा जीबीत मोजला जातो. पेनड्राइव्ह घेणारेही पुष्कळ. पेनड्राइव्ह कामाचा आहे, पण त्याची जात खिशातली. तो धुण्यात जातो, कुणाला तरी सिनेमा द्यायला जातो आणि परत येत नाही.

वन टीबी खिशातली नाही. तिला बसायला टेबल लागतं.

तिच्या कुळाची कथा मोठी आहे. पहिली हार्डडिस्क आयबीएमने १९५६ मध्ये बाहेर काढली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि पोटात मावायचे जेमतेम पाच एमबी, म्हणजे आजच्या फोनमधला एक फोटो. वन टीबीत असे दोन-अडीच लाख बसतात. हल्ली तिच्या भावकीतल्या बऱ्याच जणींचा जन्म थायलंडचा असतो. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथं मोठा पूर आला, वेस्टर्न डिजिटलचा कारखाना पाण्यात बुडाला आणि जगभर डिस्कचे भाव चढले. त्याच पुरात होंडाचा अयुथ्यातला मोटारींचा कारखानाही पाण्याखाली गेला होता. डिस्क आणि मोटारी एकाच पाण्यात भिजतात हे चाकणच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एका सुट्या भागासाठी लाइन थांबलेली त्याने पाहिलेली असते.

आणि तिचा स्वभावही त्यालाच नीट कळतो, कारण ती मुळात एक मशीन आहे. आत मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी आरशासारखी तबकडी आहे. तबकडीवर चुंबकीय थर, त्यावर झुकलेला एक हात आणि हाताच्या टोकाला वाचणारं-लिहिणारं हेड. हे हेड तबकडीला टेकत नाही. फिरण्याने जो हवेचा थर तयार होतो त्यावर ते काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये बोअर दहा मायक्रॉनच्या आत बसला की क्वालिटीवाला मान डोलावतो. वन टीबीच्या पोटातली फट मायक्रॉनच्या काही हजारांश आहे. चालू असताना टेबलावरून पडली तर हेड तबकडीवर घासतं आणि जिथं घासेल तिथलं बारसं, तिथली वास्तुशांत, कायमची जाते.

आमच्या शेजारचे काका आयुष्यभर मेंटेनन्सला होते. मशीनच्या बॉडीला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाला टेकवायची आणि आतलं बेअरिंग काय बोलतंय ते ऐकायचं, हे त्यांचं शास्त्र. वन टीबी पहिल्यांदा त्यांच्यासमोर ठेवली तेव्हा त्यांनी तिला नुसता कान लावला. बारीक, सलग घरघर. “स्पिंडल चांगला आहे,” ते म्हणाले. “पण टकटक करायला लागली तर त्याच क्षणी बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका.” हाच सल्ला कोणताही डेटा रिकव्हरीवाला देतो, फक्त त्याच्याकडे जाईपर्यंत उशीर झालेला असतो आणि त्याचं बिल डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट येतं.

काकांचा दुसरा सल्ला मला त्याहून मोलाचा वाटतो. मशीन मोडल्यावर दुरुस्त करणं आणि मोडायच्या आधी ठरलेल्या दिवशी उघडून बघणं, यातला फरक कारखान्यात शिकवला जातो. असं आधीच बघण्याला तिथं पीएम, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, म्हणतात, आणि पीएमचा तक्ता भिंतीवर असतो. वन टीबीचा पीएम गुरुवारी असतो. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची. शहरातली बाकी ऑफिसं रविवारी थांबतात, पण भोसरी-चिंचवडची कितीतरी शॉप्स गुरुवारी थांबतात. महिन्यातला एक गुरुवार तिचा. सकाळी ती कपाटातून उतरते, टेबलाच्या मध्यावर पुसलेल्या जागी बसते, वायर लागते. घरातल्या चार फोनांतले महिन्याचे फोटो तिच्यात उतरतात. मग जुन्या फोल्डरांपैकी कुठलेही तीन-चार उघडून फोटो नीट दिसतात ना ते पाहायचं. काम संपलं की आधी संगणकावर ‘सेफली रिमूव्ह’, मग दिवा विझेपर्यंत थांबायचं, मगच वायर काढायची. घाई तिला अजिबात खपत नाही. घरातल्या लहानांना हे पाठ आहे. ती चालू असताना टेबलाजवळ पळायचं नाही, हेही.

पहिल्या भरतीला मात्र तिने घाम काढला. गूगलमधून सगळे फोटो एकदम खाली उतरवायची सोय टेकआउट या नावाने आहे. ते दोन-दोन जीबीच्या गठ्ठ्यांत येतात, आणि फोटो एका फायलीत, त्याची तारीख-ठिकाण दुसऱ्याच फायलीत असं पुष्कळदा होतं. डिस्कवर पाहावं तर २०१६ ची दिवाळी, २०१९ ची वारी आणि परवाचा वाढदिवस, सगळ्यांवर उतरवल्याचीच तारीख. ते गठ्ठे वर्षांप्रमाणे लावणं हे कुटुंबाने मिळून करायचं काम आहे, असं मी आग्रहाने सांगेन. आईला एका फोटोतली साडी पाहून वर्ष सांगता येतं. वडिलांना मागच्या भिंतीचा रंग पाहून. असं सांगणारी माणसं घरात आहेत तोवर ते करून घ्यावं.

मग तिच्या पोटात काय काय आहे? भक्ती-शक्तीच्या शिल्पासमोर काढलेला प्रत्येक पाहुण्याचा फोटो आहे, कारण निगडीला आलेला पाहुणा तिथं नेलाच जातो. चिंचवडच्या मोरया गोसावी मंदिराच्या घाटावरचे आहेत. आकुर्डीत तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो त्या रात्रीचे, हलले-पुसटलेले, पण आवडते. पवनेला पूर आला होता त्या ऑगस्ट २०१९ मधले आहेत, पुलावरून घेतलेले. ‘आयएमजी’ने सुरू होणारी, मध्ये ‘डब्ल्यूए’ असलेली व्हॉट्सॲपच्या फोटोंची हजारो नावं आहेत, त्यांत शुभ सकाळचे गुलाबही आहेत, तेही कुणी पुसलेले नाहीत. लग्नाचा करिष्मा अल्बम आहे, पानापानाने स्कॅन केलेला. आणि बाळं. सगळ्यांत जास्त जागा बाळांनी घेतली आहे. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी जगात पहिल्यांदा फोटो स्कॅन करून संगणकात घातला तो १७६ बाय १७६ ठिपक्यांचा होता आणि त्यात त्यांचा स्वतःचा तीन महिन्यांचा मुलगा होता. तेव्हापासून माणसाची आवड काही बदललेली नाही.

एक गोष्ट मात्र तिच्यात जवळपास नाही, आणि ती न असणं मला फार जाणवतं. कारखाना. चाकणच्या कितीतरी गेटांवर आत जाताना मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवला जातो आणि बाहेर येताना तो शाबूत आहे का हे बघितलं जातं. नव्या मॉडेलची गुप्तता असते, ती पाळायलाच हवी. पण त्यामुळे ज्या माणसाने वीस वर्षं रोज आठ तास वेल्डिंग केलं, त्याचा वेल्डिंग करतानाचा एकही फोटो घरात नसतो. सहलीतला बाप दिसतो, कामावरचा बाप दिसत नाही. जे थोडे आहेत ते खंडेनवमीचे. त्या दिवशी मशिनींना हार घातले जातात, काही ठिकाणी घरच्यांना आत येऊ देतात आणि फोटोही काढू देतात. वन टीबीत ‘खंडेनवमी’ नावाचं एक छोटं फोल्डर आहे. वडील निळ्या गणवेशात, बाजूला प्रेस मशीन, मशीनच्या कपाळाला कुंकू. माझ्या मते अख्ख्या डिस्कमधलं सर्वांत मोलाचं तेच. तुमच्याकडे तसा एखादा फोटो असेल तर तो आधी सांभाळा.

आता तिचा दोष. ती मर्त्य आहे. चार-पाच वर्षं रोजच्या वापरात राहिलेली डिस्क कधीही थांबू शकते आणि थांबण्याआधी ती दर वेळी टकटक करेलच असं नाही. कपाटातला मान तिला मरणापासून वाचवत नाही. एकाच ठिकाणी ठेवलेल्या एकाच प्रतीचं काय होतं ते पुण्याने दोनदा पाहिलं आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, आणि आजही पुण्यातल्या जुन्या घरात एखाद्या आजोबांचा फोटो मागितला तर ‘पानशेतात गेला’ असं उत्तर मिळतं. जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि हजारो रिळं जळाली. ज्यांच्या प्रती आधीच दुसऱ्या फिल्मवर उतरवून वेगळ्या ठेवल्या होत्या त्याच चित्रपटांना पुढचं आयुष्य मिळालं.

म्हणून वन टीबीला एक बहीण आहे. दिसायला तशीच, फक्त झाकणावर पांढऱ्या पट्टीवर लिहिलंय : गाव. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने फोटो जपणाऱ्यांसाठी एक नियम मांडला, तो आता जगभर वापरतात : प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. पुण्या-मुंबईच्या माणसाला ‘दुसरं ठिकाण’ शोधावं लागत असेल. पिंपरी-चिंचवडच्या बहुतेक घरांना ते आधीच आहे. इथं फ्लॅट, तिथं वडिलोपार्जित घर, आणि दोन्हीकडची ये-जा वर्षातून दोन-तीनदा ठरलेली. आमच्याकडे दिवाळीला आणि गावच्या यात्रेला बहिणींची अदलाबदल होते. इथली भरलेली गावी जाते, गावची इथं येऊन पुन्हा भरते. प्रवासात ती जाड टॉवेलात गुंडाळून मांडीवर, डिकीत कधीच नाही. गावी ती स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह असते, कारण आमच्याकडच्या पावसाळ्यात भिंतींना घाम येतो. तिसरी प्रत भाड्याच्या ऑनलाइन जागेत, आणि त्यातही सगळं नाही, निवडक.

गावच्या बहिणीचा एक उपयोग आम्ही ठरवला नव्हता. चुलत्यांनी तिच्यातले फोटो टीव्हीला लावून पाहिले आणि मग स्वतःहून ट्रंकेतले जुने कृष्णधवल फोटो काढून दिले, स्कॅन करायला. आजोबा पटक्यात. बैलजोडी. १९७२ च्या दुष्काळातल्या खडी फोडण्याच्या कामावर उभी असलेली आजी, हातात घमेलं. हा फोटो घरात आहे हे माझ्या वडिलांनाही माहीत नव्हतं. ते सगळं आता दोन्ही डिस्कमध्ये आहे. गेली तीस-चाळीस वर्षं फोटो गावाकडून शहराकडे येत नव्हते, फक्त शहराकडून गावी जात होते.

एखादी बाहेरची व्यक्ती विचारेल की एवढा खटाटोप कशाला, महिन्याला थोडे पैसे भरून मोकळं व्हावं. भरा की. पण भाड्याच्या जागेची एक अट असते, भाडं थांबलं की जागा जाते. कंत्राटी कामगाराच्या घरात भाडं थांबायचे महिने येतात. डिस्क एकदा घेतली की त्या महिन्यांत कुणाचं तोंड बघावं लागत नाही, ती तिथंच असते. आणि तिला उघडायला घरातल्या कुणाचाही मोबाईल नंबर चालू असावा लागत नाही. नाक्यावरच्या खोलीत राहणाऱ्या, दर अकरा महिन्यांनी पत्ता आणि दर दोन वर्षांनी नंबर बदलणाऱ्या माणसांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. चार मित्र मिळून एक घेऊ शकतात, प्रत्येकाच्या नावाचं फोल्डर करून. तळवड्यात अशा खोल्या मी पाहिल्या आहेत.

येता गुरुवार मोकळा असेल तर एवढं करा. घरातली डिस्क काढा, नसेल तर घ्या. टेकआउट लावून ठेवा, त्याला एखादा दिवस लागतो. वर्षांची फोल्डरं करा आणि आईवडिलांना शेजारी बसवा. दुसरी प्रत पुढच्या खेपेला गावी न्या. कपाटातल्या फायलीत ठेवायच्या चिठ्ठीवर लिहा की फोटो कशात आहेत आणि पासवर्ड कुणाकडे आहे, आणि घरातल्या निदान दोघांना ती चिठ्ठी दाखवा. जागा संपल्याचा लाल पट्टा फोनवर दिसेपर्यंत थांबू नका.